किल्ली कुणाकडे?

कॉलेजच्या हॉस्टेलवर चार पीसी जोडून रात्र-रात्र 'एज ऑफ एम्पायर्स' खेळलेल्या पब्लिकला ट्यूटॉनिक नाइट नक्की आठवत असेल. डोक्यावर लोखंडी डबा, पांढरा अंगरखा, त्यावर काळा क्रॉस आणि चाल अशी की गोगलगाय परवडली. पण एकदा का तो तुमच्या गावात शिरला, की खेळ खल्लास!

तर ही मंडळी गेमवाल्यांच्या डोक्यातून आलेली नाहीत. ११९० मध्ये अक्रे शहराच्या वेढ्यात जखमी जर्मनांसाठी काढलेल्या एका इस्पितळातून ट्यूटॉनिक ऑर्डर जन्माला आली. पुढे त्या इस्पितळाचं लष्कर झालं आणि तेराव्या शतकात ते बाल्टिक समुद्राच्या काठाने, म्हणजे आजच्या उत्तर पोलंडच्या बाजूला, धर्माच्या नावावर मुलूख जिंकत सुटलं. जिंकलेल्या मुलखात किल्ला, किल्ल्यात या लढवय्या साधूंचा मठ आणि सगळ्यांच्या वर एक अधिकारी, कोमटूर. धान्याची कोठारं, घोडे, हत्यारं, आसपासच्या गावांचा वसूल, सगळं त्याच्याकडे. बदली झाली की चीजवस्तूंची यादी करून नव्या माणसाला चार्ज द्यायचा. या याद्या आजही शिल्लक आहेत. आपल्याकडे लॅपटॉप आणि आयडी कार्ड परत करताना एचआरवाले जो फॉर्म भरून घेतात ना, त्याचे हे पणजोबा.

हे वाचताना मला सारखं वाटत होतं, अरे, हा तर आपला किल्लेदार! आणि किल्लेदार म्हटल्यावर सह्याद्रीतल्या कड्याकपारी आठवायच्या सोडून मला आठवलं नगर.

नगर म्हणजे २०२४ मध्ये ज्याचं अहिल्यानगर झालं, ते. पुण्याच्या माणसासाठी नगर म्हणजे शिर्डीच्या वाटेवर चहाला थांबायचं गाव. शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपा करत एकशेवीस किलोमीटर जायचं, चहा घ्यायचा आणि पुढे सटकायचं. त्या चहाच्या अलीकडे-पलीकडे एक अख्खा किल्ला आहे, हे आपल्या गावीही नसतं. नसणारच, कारण तो डोंगरावर नाही. सपाट जमिनीवर वाटीसारखा गोल बसलेला भुईकोट. भोवती रुंद खंदक, बावीस-चोवीस बुरूज, काळ्या घडीव दगडाचा तट. अहमद निजामशहाने १४९४ मध्ये शहर वसवलं. किल्ल्याला आजचं दगडी रूप दिलं ते हुसेन निजामशहाने, १५६० च्या आसपास. आज किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे.

या किल्ल्याने जितके मालक पाहिले तितके आपल्यातल्या कुणी बॉससुद्धा पाहिले नसतील. निजामशाही, मुघल, पुन्हा निजामशाही, पुन्हा मुघल, हैदराबादचा निजाम, पेशवे, शिंदे, इंग्रज. शाळेच्या पुस्तकात याला 'किल्ला जिंकला' म्हणतात. प्रत्यक्षात प्रत्येक खेपेला काय झालं ते बघत गेलं, तर तट चढून किल्ला घेतल्याचे प्रसंग सापडता सापडत नाहीत. सापडतो तो आतला माणूस. घाबरलेला, चिडलेला, पगार थकलेला, नाहीतर सरळ भाव ठरवणारा.

सगळ्यात मोठी गोष्ट चांदबीबीची, म्हणून तिच्यापासूनच. हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. १५९५ मध्ये नगरच्या गादीवर कोण बसणार यावरून चार गट एकमेकांच्या उरावर बसलेले. त्यातल्या एकाचा म्होरक्या मियाँ मंजू. हरतोय असं दिसल्यावर या गृहस्थाने कुणाला बोलवावं? थेट अकबराच्या मुलाला, शहाजादा मुरादला! मुघल खरोखरच निघाले तेव्हा मियाँला घाम फुटला. मग किल्ला अन्सारखान नावाच्या आपल्या माणसाच्या हवाली करून तो मदत आणतो म्हणून बाहेर पडला. चांदबीबीने पहिली गोष्ट काय केली असेल, तर या अन्सारखानाचा काटा काढला. मुघलांशी लढायचं ते नंतर, आधी किल्ल्या ताब्यात! हा भाग आपल्याकडच्या शूरवीर गोष्टींमध्ये गाळतात. मला मात्र वाटतं, बाईची अक्कल इथेच दिसते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मुघलांनी तटाखाली सुरुंग खोदले. आतल्यांनी काही शोधून निकामी केले, एक मात्र उडाला आणि तटाला भलंमोठं खिंडार पडलं. फरिश्ता नावाचा त्या काळचा इतिहासकार लिहितो, की लोक पळायच्या बेतात असताना चांदबीबी अंगावर चिलखत, तोंडावर बुरखा आणि हातात नंगी तलवार घेऊन त्या खिंडारात येऊन उभी राहिली. दिवसभर हल्ले परतवले आणि रात्रीत भिंत पुन्हा उभी केली. १५९६ च्या सुरुवातीला तह झाला. वऱ्हाड गेला, नगर वाचलं.

चारच वर्षांनी मुघल परत आले, या वेळी शहाजादा दानियालबरोबर. चांदबीबीने हिशोब केला. मदतीला कुणी येणार नाही, आत फितुरी माजलेली. किल्ला देऊ, लहानग्या बहादूर निजामशहाला घेऊन जुन्नरला जाऊ, राज्य तरी राहील. हा विचार तिने किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्यापाशी बोलून दाखवला. साधनांत त्याचं नाव कुठे हमीदखान येतं, कुठे जीताखान किंवा चीताखान. तो बाहेर आला आणि ओरडत सुटला, की बाई मुघलांना सामील झाली! चिडलेला जमाव तिच्या महालात घुसला. ज्या भिंतीत उभं राहून तिने ही माणसं वाचवली होती, त्याच भिंतींच्या आत त्यांनी तिला मारलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १६०० मध्ये, किल्ला पडला. छोटा बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. म्हणजे तिचं ऐकलं असतं तर निदान राजा तरी हाताशी राहिला असता.

(जाता जाता: शहराच्या पूर्वेला डोंगरावर जो 'चांदबीबी महाल' दिसतो, जिथे आपण सूर्यास्ताचे फोटो काढतो, तो तिचा महाल नाही. ती सलाबतखान नावाच्या निजामशाही वजिराची कबर आहे. बाईच्या नावावर नगरमध्ये एक इमारत आहे, तीही दुसऱ्याची.)

आता बाल्टिककडे या. मारिएनबुर्ग, आजच्या पोलंडमधलं मालबोर्क, हे ट्यूटॉनिक नाइट्सचं हेडऑफिस. नोगाट नदीकाठी, विटांचं, आणि नगरसारखंच सपाटीवर. १५ जुलै १४१० ला ग्रुनवाल्डच्या लढाईत पोलंड-लिथुआनियाने ऑर्डरचा पार चुराडा केला. खुद्द ग्रँड मास्टर ठार. हेडऑफिस उघडं पडलं. तेव्हा हाइनरिश फॉन प्लाउएन नावाचा एका बाजूच्या किल्ल्याचा कोमटूर, ज्याचं नाव तोवर फारसं कुणी घेत नव्हतं, हाताशी होती ती माणसं घेऊन मालबोर्कला पोचला, दारं लावून बसला आणि दोन महिने वेढा सोसून त्याने किल्ला राखला. त्याला ग्रँड मास्टर केलं. आणि १४१३ मध्ये? त्याच्याच सहकाऱ्यांनी पदावरून काढून कैदेत टाकलं. त्याला पुन्हा लढायचं होतं, बाकीच्यांना नव्हतं. चांदबीबीला तह करायचा होता, बाकीच्यांना नव्हता. दोघांची बाजू उलटी, पण घात केला तो दोन्हीकडे घरच्यांनीच.

नगरमध्ये पुढची वीस वर्षं पिंगपाँग चाललं. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास किल्ला परत मिळवला. १६१७ मध्ये शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, दख्खनमध्ये उतरला, तह झाला आणि नगरच्या किल्ल्या समारंभाने मुघलांच्या हाती दिल्या गेल्या. मग अंबरने पुन्हा वेढा घातला, तेव्हा खंजरखान नावाचा मुघल किल्लेदार मदत येईपर्यंत चिवटपणे टिकून राहिला. असेही किल्लेदार होते बरं का. फक्त त्यांच्या गोष्टी लहान असतात, कारण त्यांत काही 'घडत' नाही.

आणि १६५७ मध्ये शिवाजी महाराज आले. जुन्नर लुटून ते नगरच्या पेठेवर तुटून पडले. पेठ लुटली, किल्ल्यातली शिबंदी बाहेर पडली, महाराज निघून गेले. किल्ल्याच्या नादी ते लागले नाहीत. पण किल्लेदार या प्राण्याचा त्यांच्याइतका विचार कुणीच केला नसेल. स्वतःच्या किल्ल्यांवर त्यांनी एकच एक मालक ठेवला नाही. हवालदार, सबनीस आणि सरनोबत, तिघे बरोबरीचे, शक्यतो वेगवेगळ्या जातींचे. एकट्याला परस्पर निर्णय घेता येऊ नये अशीच बांधणी. आज आपण चेकवर दोन सह्या लागतात म्हणून कुरकुरतो. महाराजांनी अख्ख्या किल्ल्याला तीन सह्या लावल्या होत्या.

ट्यूटॉनिक नाइट्सचा उपाय आणखी कडक होता. लग्न नाही, घर नाही, खासगी मालमत्ता नाही. ज्याच्याकडे स्वतःचं असं काही असायचंच नाही, तो किल्ला विकून पैसे ठेवणार कुठे? कागदावर आयडिया भन्नाट. पण १४५४ मध्ये पोलंडशी तेरा वर्षांचं युद्ध सुरू झालं, स्वतःचे नाइट्स पुरेनात, म्हणून ऑर्डरने बोहेमियातून भाडोत्री सैनिक आणले. थोडक्यात, आउटसोर्सिंग. पगाराला पैसे नव्हते, तेव्हा मालबोर्कसकट किल्लेच त्यांच्याकडे तारण ठेवले. पगार थकला तो थकलाच. १४५७ मध्ये या सैनिकांच्या म्होरक्याने, उलरिश चेर्वोंका त्याचं नाव, पोलंडच्या राजाला मालबोर्क विकून टाकला. किंमत १ लाख ९० हजार सुवर्ण नाणी. एक गोळी झाडली नाही की एक वीट पडली नाही. ग्रँड मास्टर जीव घेऊन क्योनिग्सबेर्गला पळाला.

आता बरोबर तीनशे दोन वर्षं पुढे आणि सहा-सात हजार किलोमीटर इकडे या. १७५९. नगरचा किल्ला निजामाकडे. किल्लेदाराचं नाव कवीजंग. जंगाआधी कवी, काय नाव आहे! पेशव्यांनी त्याच्याशी बोलणी लावली आणि कवीजंगने मोबदला घेऊन किल्ला त्यांच्या हवाली केला. ना वेढा, ना सुरुंग.

या सौद्यामुळे निजाम खवळला, युद्ध पेटलं आणि फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं. उदगीरचा विजय इतका मोठा, की उत्तरेत अब्दालीवर पाठवायचं तर भाऊंनाच, असं ठरलं. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते सांगायला नको. कवीजंगने किल्ला विकला म्हणून पानिपत झालं असं म्हणणं म्हणजे फेकाफेक होईल, पण नगर-उदगीर-पानिपत हा रस्ता जेमतेम सव्वा वर्षाचा आहे, आणि त्याचं पहिलं दार पैशाने उघडलं होतं, इतकं नक्की.

पेशव्यांकडेही किल्ला राहिला नाही. १७९७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने तो दौलतराव शिंद्यांना देऊन टाकला. आपल्याला गादीवर बसवल्याची ही परतफेड. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पुण्यात नाना फडणवीसांना दगाबाजीने धरलं आणि नगरच्या किल्ल्यात डांबलं. पुढच्या वर्षी सुटले, दहा लाख रुपये मोजून. अख्खी मराठेशाही चालवलेल्या माणसाला स्वतःसाठी दार उघडून घ्यायला पडलेला भाव!

शेवटचा सौदा १८०३ चा, आणि तो मला सगळ्यात जास्त आजच्यासारखा वाटतो. समोर आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. ८ ऑगस्टला त्याने शिड्या लावून नगरची पेठ घेतली. त्याच्यासोबत असलेल्या गोखल्यांनी नंतर पत्रात कळवलं, की हे इंग्रज अजब लोक, सकाळी आले, भिंत बघितली, तिच्यावरून चालत गेले, आतले सगळे मारले आणि न्याहारीला परत! पण पेठ वेगळी आणि किल्ला वेगळा. वेलस्लीच्या मते सपाटीवरच्या किल्ल्यांत एक वेल्लोर सोडलं तर याला तोड नव्हती. मग तोफा नेमक्या कुठे लावायच्या? गॅझेटियर सांगतं, की भिंगारच्या देशमुखाने चार हजार रुपये घेऊन योग्य बाजू दाखवून दिली. चार हजार! नानांना बाहेर यायला दहा लाख लागले, इंग्रजांना आत जायला चार हजार पुरले.

१० तारखेला चार तोफा सुरू झाल्या. ११ ला किल्लेदाराचा निरोप आला, मारा थांबवा, बोलायला माणसं पाठवतो. वेलस्लीचं उत्तर: बोला की, पण किल्ला मिळेपर्यंत तोफा थांबणार नाहीत. १२ ला किल्लेदाराच्या वकिलांनी अटी मांडल्या. शिबंदीला सुखरूप जाऊ द्या आणि माझी खासगी मालमत्ता मला राहू द्या. मान्य. चौदाशे माणसं शिस्तीत बाहेर पडली. तटावर शिड्या लावायची वेळच आली नाही.

या किल्लेदाराला शिव्या घालणं सोपं आहे. मीही घालणार होते. पण त्याच्या जागी उभं राहून बघा. मालक दौलतराव शिंदे दूर निजामाच्या सरहद्दीकडे. मदतीचा पत्ता नाही. पेठ एका सकाळीत गेलेली आणि तिथे काय झालं ते या चौदाशे जणांनी तटावरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. खंजरखान टिकला, कारण त्याच्या मदतीला कुणीतरी येत होतं. आपल्यातल्या किती जणांनी, वरून एकही मेल येत नाहीये आणि क्लायंट दारात उभा आहे, अशा वेळी हेडऑफिससाठी जीव दिला असता? त्याने खासगी मालमत्तेची अट घातली नसती तर मला तो जास्त आवडला असता, हेही खरं. पण चौदाशे माणसं जिवंत बाहेर काढणं ही काही छोटी गोष्ट नाही. चांदबीबीला हेच करायचं होतं आणि तिला मारलं. याने केलं आणि इतिहासात त्याचं नावही कुणाच्या तोंडी राहिलं नाही.

इंग्रजांनी मग किल्ल्याचा तुरुंग केला. आपला सगळ्यात प्रसिद्ध मुक्काम अर्थातच १९४२ चा. 'भारत छोडो'च्या ठरावानंतर ९ ऑगस्टला मुंबईत धरलेले काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे आणले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे एकूण बारा जण. (कोमटूरच्या हाताखाली किमान बारा नाइट्स असावेत असा तिकडे संकेत होता. योगायोग, बाकी काही नाही.) नेहरूंनी १९४४ मध्ये इथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. अंगणात बाग करायला त्यांनी कुदळ घेतली, तर खाली जुन्या भिंतींचे अवशेष लागले. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांना चांदबीबीही आठवते, आणि तिला तिच्याच माणसाने मारलं हेसुद्धा.

मौलाना आझादांची आठवण आणखी तिखट. त्यांनी इथे लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक म्हणजे 'गुबार-ए-खातिर'. त्यात तुरुंगाचा सुपरिटेंडेंट सारखा येतो, पण स्वतःच्या नावाने नाही. या मंडळींनी त्याला टोपणनाव ठेवलं होतं, चीताखान. थेट चांदबीबीच्या काळातून उचललेलं. साडेतीनशे वर्षांनी किल्ल्याला पुन्हा चीताखान मिळाला.

१९४३ च्या वसंतात कलकत्त्यात आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम अंथरुणाला खिळल्या. तारा येऊ लागल्या. तेव्हा हा चीताखान स्वतःहून आझादांकडे आला. तुम्हाला सरकारला काही कळवायचं असेल तर सांगा, मी ताबडतोब मुंबईला पाठवतो, म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं, असं आझादच लिहितात. आझादांनी नकार दिला. या सरकारकडे मला काहीही मागायचं नाही. तो नेहरूंकडेही गेला, तेही येऊन बोलले, उत्तर तेच.

९ एप्रिलला बेगम गेल्या. किल्ल्याच्या आवारात कुणाची तरी एक जुनी कबर होती. आल्यापासून आझादांनी ती शेकडो वेळा पाहिली होती. त्यानंतर मात्र ती बघताना आपलेपणा वाटू लागला, असं त्यांनी लिहून ठेवलंय.